गुरुवार, चार ते सहा

व्हायोलिनच्या बाई आजारी पडल्या
आणि देगूतल्या नवव्या मजल्यावर
दोन तास नुसतेच येऊन उभे राहिले,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखे.

"आता काय करायचं?" जेहानं विचारलं.
मिरान गप्प.
काहीच न करणं तिला तरी कुठं येत होतं!

मग दोघं जिन्यात बसली,
उकडलेले चेस्टनट सोलत.
एक निसटला, टणटणत गेला पार सातव्यापर्यंत.
पायऱ्या छत्तीस की सदतीस
यावरून कडाक्याचं भांडण.

रात्री बाबा म्हणाला, "आज काय शिकलास?"
जेहानं नखं दाखवली. तपकिरी.

पुढच्या गुरुवारी बाई ठणठणीत.
फोन मिराननं घेतला,
दाराशी बूट घालून थांबलेल्या पोराकडे पाहिलं
आणि खोटं खोटं खोकली.