भांडुप, रात्रपाळी

रात्री दोनला पंपघरात
आंबेमोहोर शिजल्याचा वास.
स्टोव्ह तर शिमग्यापासून बंद.
सखाहरी खराडे बॅटरी घेऊन बाहेर येतो.

जाड पाइपावर कुणीतरी रोज
भेर्ली माडाच्या बिया ठेवून जातं,
धुतल्यासारख्या.
आज ते स्वतःच आहे:
राखी अंग, पाठीवर विटक्या काळ्या रेघा,
डोळ्यांभोवती फिसकटलेलं काजळ,
अंगाएवढीच शेपूट.
मांजर म्हणावं तर तोंड मुंगसाचं.

उजेडात ते जरा थांबतं,
हजेरी घेतल्यासारखं याच्याकडे बघतं,
मग उंबरावरून
टेकडीच्या काळोखात.

वहीत तो लिहितो: २.१०, दाब नेहमीचा.
पुढे ‘उदमांजर’ लिहून
खोडतो.

मग रेशनचा गार भात
पाइपावर बसून खातो,
वारा येतो
त्या बाजूला तोंड करून.