सहाशे अकरा सामने, सात गोल

तुझ्या बुटांची पाती मी एकोणीस हंगाम घासली, येर्मोलाय,
म्हणून तुझ्याबद्दल बोलायचा थोडा हक्क माझाही.
वर्तमानपत्रवाल्याला तू काहीच सांगितलं नाहीस.
"खेळलो," म्हणालास,
आणि टोपी घालून निघून गेलास.

आलास तेव्हा सतरा वर्षांचा.
नीज्नी तागीलच्या बॉयलरघरामागचं अंगण तुझं,
जिथं रात्री नळी सोडून बर्फ जमवतात
आणि सकाळी त्यावर कारखान्याची काजळी बसलेली असते.
हातात बापाचे क्रेनवरचे मोजे,
सेहेचाळीस नंबरचे पाय,
आणि बूट चव्वेचाळीसचे.
मी म्हटलं, काढ ते.
तू म्हणालास, दुसरे नाहीत.

पुढं धावणारे सगळे माझ्याकडं घाईत येतात,
वस्तऱ्यासारखी धार मागतात.
तू मागितलीस बोथट म्हणावी इतकी मवाळ.
"मला मागं मागं जायचं असतं," म्हणालास.
तेव्हा मला बचावाचं गणित कळलं:
समोरून माणूस सुसाट अंगावर येतोय
आणि आपण त्याच्याकडं तोंड करून
त्याच्याच वेगानं मागं सरकायचं,
नजर त्याच्या छातीवर, चकतीवर नाही.
माघार घ्यायची, पण पाठ दाखवायची नाही.
हे लोकांना कुठं दिसतं?
लोक गोल मोजतात.

तुझे सात.
त्यातला एक तुझ्या ढुंगणाला आपटून आत गेला,
आणि त्याच्यावर तू सगळ्यात जास्त नाचलास.

कुर्गान, ओर्स्क, पुन्हा कुर्गान.
बसच्या खिडक्या आतून गोठलेल्या,
तू शेवटच्या सीटवर, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून.
दिवसभर बर्फाचा मार, रात्री औषधही बर्फच.
एकदा समुद्रापार बोलावलं तुला;
अकराव्या दिवशी परत आलास
मेपलच्या पाकाची बाटली घेऊन.
निम्मी मला दिलीस.
तिकडं काय झालं ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.
त्या आठवड्यात तुझी पाती मात्र
जरा जास्त वेळ घासत बसलो.

आणि मार्चमधली ती रात्र.
चाळीस सेकंद उरलेले,
निळ्या रेषेवरून सणसणत आलेली चकती
तू घोट्यावर घेतलीस.
आवाज माझ्या खोलीपर्यंत आला,
गोठलेलं लाकूड फुटावं तसा.
शिट्टी होईपर्यंत एका पायावर उभा राहिलास.
आम्ही जिंकलो.
फोटो छापून आला ल्याझिनचा, गोल त्याचा होता.
बुटातलं रक्त मी थंड पाण्यानं धुतलं,
गरम पाण्यानं डाग धरतो.

धार लावणं म्हणजे तरी काय, झिजवणंच.
दर खेपेला केसाएवढं पोलाद जातं.
तुझ्या तेवीस जोड्या माझ्या हाताखाली संपल्या,
त्यांचा भुगा या खोलीच्या फटीफटींत आहे.
लोहचुंबक फिरवला तर
तू निम्मा तरी निघशील इथून.

शेवटच्या सामन्याला बूट ठेवलेस आणि म्हणालास,
आज राहू दे, दादा, कशाला.
मी तरी लावली.
नखावर फिरवून पाहिली, पांढरा पापुद्रा निघाला.
त्या रात्री तू सोळा मिनिटं खेळलास,
तुझ्या बाजूनं कुणी आत घुसलं नाही,
म्हणजे घडलं काहीच नाही,
आणि प्रेक्षक पार्किंगच्या घाईत उठून गेले.

परवा दार ढकलून आलास.
वाटलं, बूट आणलेस.
टॉवेलात गुंडाळलेल्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या निघाल्या,
क्लावदियानं पाठवलेल्या,
मासे कापताना सरकतात म्हणून.
मी विचारलं, नेहमीसारखी मवाळ करू?
तू हसलास, पुढचे तीन दात नसलेलं हसू.
"नको," म्हणालास,
"आता कापायचंय."