कॉट बेसिस

पाषाणला, टेकडीलगतच्या तळघरात
मी मे महिन्यातही स्वेटर घालून बसते.
आत एकशे बारा यंत्रं, एकाच सुरात,
दळण संपल्यावरही कुणी गिरणी बंद करायला विसरावं तशी.

काम आलं, की त्याला खोली द्यायची.
खोली म्हणजे एक रिकामी डिरेक्टरी,
दारावर नुसता क्रमांक.
चार लाख अठरा हजार आठशे तेवीस, या आत.
कच्चे आकडे पसरा, भिंतीवर लिहा,
उशी कुठल्याही बाजूला घ्या.
शेजारच्या खोलीत डोकावता येणार नाही.
काम संपलं, की सदाशिव पेठेतल्या
माझ्या पहिल्या मालकीणबाईंसारखी
मी गादी उचलून झटकते.
त्या निदान डिपॉझिटवर वाद तरी घालायच्या.

लॉगिन करताच पाटी दिसते, मीच लिहिलेली:
'जपण्यासारखं काही असेल तर निघण्यापूर्वी घरी न्यावं.
मागाहून चौकशी करू नये.'
लोक हसतात,
आणि मागाहून चौकशी करतात.

माझ्या आधी इथे ढमढेरे होते.
त्यांनी चार ओळींचा झाडू लिहिला होता:
क्रमांक घे, त्या क्रमांकाची खोली पूस.
एका रात्री क्रमांक आलाच नाही.
अर्जात आपण जागा रिकामी सोडतो
तिचा अर्थ 'माहीत नाही'.
यंत्राला तिचा अर्थ 'सगळं' असा लागला.
सकाळी तेहतीस जणांचं काहीच उरलं नव्हतं.
ढमढेरे दोन दिवस चहाला खाली उतरले नाहीत.
झाडूची पहिली ओळ आता माझी आहे:
नाव नसेल तर हात लावू नकोस.

गेल्या गुरुवारी वीज गेली.
गुरुवारच तो, जाणारच.
बॅटऱ्यांनी सगळ्यांना धरलं, सतरा नंबर सोडून.
तो वाक्याच्या मध्येच मेला.
उठला तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं,
काम रांगेतून गेलेलं,
झाडू तिकडे फिरकलाच नाही,
खोली तशीच.

आज जागा सत्त्याण्णव टक्के भरली
म्हणून बेवारस खोल्या मोजत निघाले, तर ही.
मालक: रेहाना अत्तार.
आत नऊ दिवसांची मुठा.
खडकवासल्यातून इतकं सोडलं
तर भिडे पुलावर किती, नदीपात्रातल्या गाड्यांना किती वेळ,
आणि पाणी पाटील इस्टेटच्या पहिल्या गल्लीत शिरतं
त्या मिनिटाला फाईल संपते.
पुढे शून्यंसुद्धा नाहीत.

फोन केला. ती मेसमध्ये होती.
"ते गेलं असं धरून मी पुन्हा पहिल्यापासून लावलंय, मॅडम.
काल पाचवा दिवस झाला."
"मग हे हवंय का?"
बराच वेळ नुसती ताटं वाजत राहिली.
"यापुढे चालवता नाही यायचं," ती म्हणाली,
"पण ताडून बघता येईल.
पाच दिवस जुळले, तर ते पाणी खरं होतं म्हणायचं."

नियमाप्रमाणे चौदा दिवस थांबायला हवं.
नियमाप्रमाणे, पंच्याण्णवच्या वर गेलं की लगेच पुसायला हवं.
दोन्ही नियम माझ्याच सहीचे.
मी तिला रात्री अकरापर्यंतचा वेळ दिला,
जो कुठल्याच नियमात नाही.

अकराला सात मिनिटं कमी असताना तिचा निरोप आला:
जुळलं. नेलं. पुसा.

तिचं नवं काम कुठे आहे ते आधी पाहिलं.
चाळीस नंबर. बॅटरी नवी आहे.
उद्या परत गुरुवार.

मग तो क्रमांक हाताने टाइप केला.
वाचला.
पुन्हा वाचला.
तिसऱ्यांदा, ढमढेऱ्यांसाठी.