तोकडी माती

एनिड कोलक्लॉला डॉक्टरांनी गहू बंद केला
तेव्हा तिला एकाहत्तरावं लागलं होतं.
कुंपणावरून तिने मला हे सांगितलं,
कुणाची तरी बदली झाल्यासारखं.
"शनिवारी ओटकेकच्या रांगेला आता मी नाही, डक."
(स्टोकमध्ये सगळ्यांनाच डक म्हणतात.
पहिलं वर्षभर मी माझी चाल तपासून पाहत होतो.)

ओटकेक म्हणजे इथलं धिरडं.
पीठ ओटचं, पण त्यात मैदाही असतोच,
वऱ्हाडात घुसून जेवायला बसलेल्या
कुणाच्याच नात्यात नसलेल्या माणसासारखा.

मी म्हटलं, मी देतो काहीतरी करून,
आमच्याकडे मैद्यावाचून कुणाचं अडत नाही.
बढाई होती. तोवर चहापलीकडे
माझी मजल गेली नव्हती.

नारळाच्या पिठाचा केक केला.
तो सहा अंडी आणि अर्धा लिटर दूध प्यायला
आणि ओव्हनमधून तहानलेलाच बाहेर आला.
तांदळाचा पाव सुरी बघूनच कोसळला.
मग कळलं, इसबगोल घालतात.
इसबगोल! बाबांचा रात्रीचा तो ग्लास,
ज्याचा पाहुण्यांसमोर उल्लेख करायचा नसे,
तो इथे पाव धरून ठेवतो.
पाव उभा राहिला खरा, चव ओल्या पुठ्ठ्याची.
एनिडने अर्धा खाल्ला, उरलेला पाखरांना घातला.
पाखरांनी तो सोमवारपर्यंत तसाच ठेवला.

शेवटी लेस्टरहून ज्वारीचं पीठ आणलं.
बार्शीची ताई फोनच्या चौकटीत:
"पाणी उकळतं घाल. मळ. अजून मळ.
दमलास? एवढ्यात?"
थापली की कड फाटे, उचलली की नकाशा होई.
"विरी गेलीय पिठाची," ताई म्हणाली,
"किती महिने पडून होतं दुकानात?"

एनिड ओट्याशी उभी. काय म्हणाली, विचारते.
विरीला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं.
पिठाला धरून ठेवणारं काहीतरी, म्हटलं,
जुनं झालं की निघून जातं.
"म्हणजे शॉर्ट," ती म्हणाली.
"माती अशी आली की आम्ही तेच म्हणायचो."
शॉर्ट. तोकडी.
मी ताईला सांगितलं. ताईला ते लगेच पटलं.

एनिडने बाह्या सारल्या.
चौतीस वर्षं बर्स्लेमच्या कारखान्यात
कच्च्या कपांच्या कडा पुसलेले हात.
गोळा दाबून पाहिला, वास घेतला,
किटलीतलं पाणी चमचाभर वाढवलं
आणि मळत राहिली, खिडकीबाहेर बघत,
हाताशी आपला काही संबंध नसल्यासारखी.
थापताना दर फेऱ्याला
ओलं बोट कडेवरून फिरवत गेली.
फोनमध्ये ताई गप्प.
मग हळूच, "कोण रे ही?
विचार, आईने शिकवलं का तिला."
आईने नाही. मिसेस टॅम्स नावाच्या मुकादमणीने,
सोळाव्या वर्षी, रडवून.

तव्यावर पाणी फिरवलं, उलटली.
पूर्ण नाही फुगली. एका बाजूने,
दाढ दुखत असल्यासारखी.

ताटलीत वाढली, शेजारी चीज.
खाण्याआधी एनिडने एका हाताने भाकरी धरली,
दुसऱ्याने ताटली उचलून खालून पाहिली,
कुठल्या कारखान्याची म्हणून.
सुपरमार्केटची होती.
ती काही बोलली नाही. ताटली खाली ठेवली.
"कोरडी आहे," पहिल्या घासाला म्हणाली,
लोणी मागून घेतलं,
आणि चतकोरही मागे ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दाराशी पिशवी.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ताटली, निळ्या काठाची.
मीही आधी उलटीच केली.
तळाला शिक्का, त्या कारखान्याचा,
जिथे आता फ्लॅट आहेत.
सोबत चिठ्ठी, पेन्सिलीने:
गुरुवारी साडेपाच.
पीठ ताजं आण.