घडीचा कीबोर्ड

सोहारला, हंबारच्या दुकानात, सहा रियाल.
काउंटरवरचा चितगावचा पोरगा म्हणाला, भाई, खिशात मावतो.
मावला.
तीन घड्या, चष्म्याच्या डबीएवढा,
उघडताना बिजागरी करकरते
आमच्या गोदामाच्या दारासारखीच,
फक्त त्या दाराला झालेली पोर असावी तशी, बारीक आवाजात.

नव्या रबराचा वास. बटणं मऊ.
पहिलं मत विचाराल तर, ठीक आहे.
मधल्या घडीत स्पेस दुभंगलीय,
उजवीकडची शिफ्ट कंपनीने गाळून टाकलीय,
तिच्या जागी चार बाण, चार दिशांना,
कुठेच न जाणारे.

प्रत्येक बटणावर दोन अक्षरं,
इंग्रजी पांढरं, अरबी हिरवं.
अलिफ मला हर्णैच्या मकतबापासून ठाऊक,
छडीच्या धाकाने गिरवलेला.
त्याच बटणावरचा एच भेटला तो इथल्या पावत्यांवर.
तिसरं अक्षर छापलेलं नाही,
ते झैतूनने पाठवलेल्या तक्त्यात आहे :
अलिफच्या पोटात प.

झैतून पंचायतीत दाखले टाइप करते,
मिनिटाला चाळीस शब्द, न बघता.
तीच म्हणाली, तू बोलून पाठवतोस ते अर्धंच पोचतं,
कुजबुजतोस नुसता. लिही.
खरंय. खोलीत आम्ही सहा,
त्यातले तिघे रात्रपाळीचे, कधीही झोपलेले.

फोन डब्याला टेकवला, कीबोर्ड मांडीवर.
टक. टकटक. टक.
वरच्या बंकवरून शाजीचा आवाज : पाल आहे काय रे?
म्हटलं, बायकोला पत्र.
मग जरा हळू चुकचुक, म्हणाला, आणि कूस बदलली.

बारा ओळींना पाऊण तास लागला.
जैतून, मी कुसाल.
कालजी करू नको.
गर बांदतोय, तोडा दीर दर.
रमजानात बेट.

वाचलं आणि एकट्यालाच हसू आलं.
घराचा गर झालेला, कापा फणस फोडल्यासारखा,
धीराऐवजी दीर येऊन बसलेला ओटीवर,
आणि भेटीचं बेट,
चहूकडून पाणी.

चौथीत ठोंबरेबाई सांगायच्या,
ख, घ, थ, ध, भ,
हे महाप्राण.
तोंडापुढे तळहात धरा, फुंकर लागली पाहिजे.
सगळा वर्ग फुंकत बसायचा.
मी उजवा तळहात धरला, पत्र हळूच वाचलं.
काही लागलं नाही, एसीचाच वारा.

खोडून पुन्हा लिहायचा कंटाळा आला.
तसंच पाठवलं.
व्हिडिओवर दिसतो त्यापेक्षा
पत्रात माणूस कमीच दिसतो, असा माझा हिशेब.
व्हिडिओवर मी हल्ली कडेला बसतो,
डावा हात चादरीत.

सकाळी गेटवर रांगेत होतो तेव्हा उत्तर आलं.
तिचं टायपिंग, एक चूक नाही :

कीबोर्ड बिघडलेला नाही.
गळलीत ती अक्षरं बघ, जवळजवळ सगळी
उजव्या हाताची.
ती काढताना शिफ्ट धरते डावी करंगळी.
क्लासात पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
तुझ्या डाव्या करंगळीला काय झालंय?

रांग पुढे सरकली, मी राहिलो.
मागच्याने ढकललं.

जूनमधली गोष्ट. क्रेनची साखळी, एक पेर.
कंपनीने टाके घातले, तीन दिवस भरपगारी दिले,
सुपरवायझर म्हणाला, नशीब, अंगठा नव्हता.

तेव्हा पटलं नव्हतं.

आता दुपारच्या सुट्टीत
गोदामाच्या सावलीत, क्लॅम्पच्या खोक्यावर
तीन घड्या उघडल्यात.
करकर.
डावा अंगठा पार वाकडा करून शिफ्टपर्यंत नेला,
दाबून धरला, उजव्याने के.

ख.

मग र, मग वर टिंब.
खरं, एवढं उमटलंय.
पुढचं भोंगा व्हायच्या आत लिहायचंय.