माप

फुजैराच्या नांगरतळावर रात्रपाळी.
पितळी लंबक टाकीत सोडायचा,
फीत कुठवर भिजली ते वाचायचं, लिहायचं.
अकरा वर्षं हेच. माझ्यासारखे मापारी इथे
पायलीचे पन्नास.

आजचं गिऱ्हाईक राखाडी. नाव नाही, नुसता आकडा.
कठड्यावरून एका पोराने हात हलवला,
माझ्या मुनाफपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा असेल.
दोन ते पाच, नळी थरथरत होती,
ते घटाघटा पीत होतं.
एवढं तेल घेऊन जाणार कुठे?
कुठेच नाही. आखातात फेऱ्या मारणार
आणि गुरुवारी परत आमच्याच दारात.

खमीसच्या नावाचा अर्थही गुरुवार.
म्हातारा तीन आठवडे होडी वाळूवर ओढून बसलाय,
समुद्रात सराव चालू, जायला बंदी.
त्याआधी शेवटच्या जाळ्यात हामूर आले सात
आणि डांबराच्या गोळ्या ओंजळभर.
आमच्याकडे त्या कपाटात ठेवतात, मी म्हणालो.
तो हसला नाही.

सुगरा फोनवर: सिलिंडर पुन्हा महागलाय,
पडवीत चूल मांडलीय.
तुम्ही तर तेलातच उभे ना हो?
हो, म्हटलं. घोट्यापर्यंत.

पहाटे पावती. दिलं किती, तापमान किती,
खाली शिक्का, सही, दुसरी सही.
सांडलं किती? त्या रकान्यात
नेहमीसारखं लिहिलं: निरंक.
पेन आधी बनियनला पुसावं लागलं.