ओहोटीची वेळ विचारून घे

यादी दे इकडे.
एवढं बारीक अक्षर मला लागत नाही,
पण आकडे कळतात : तीन दिवस, एकवीस गोष्टी.
अगं, बेटच मुळी एवढंसं.
तुम्ही म्हणता मोझांबिक बेट, आम्ही मुहिपिती.
या टोकाला कुणी शिंकलं
तर त्या टोकाला बायका म्हणतात,
आबुबाकारला बरं नाही वाटतं.

आधी चहा घे.

किल्ला बघशीलच, सगळेच बघतात.
ऊन चढायच्या आत जा, नि तोफा मोजत बसू नकोस.
गच्चीवर पडलेला पाऊस खाली टाकीत उतरायचा,
त्या टाकीवर माझी आई रांगेत उभी राहायची
तेलाचा रिकामा डबा डोक्यावर घेऊन.
दोन डबे पाणी, एक डबा भांडण.
टाकीच्या तोंडाशी वाकून एखादं नाव घे.
कुणाचंही.
परत येतं ते, थोडं ओलं होऊन.

मग माझ्या बहिणीकडे जा, मुआनाशाकडे.
ती मुळी उगाळते दगडावर, चंदन उगाळावं तशी,
आणि तोंडाला पांढरा लेप लावून देते.
सुकेपर्यंत हसायचं नाही, भेगा पडतात.
मागेल त्याच्या निम्मे पैसे दे.
चिडली तर सगळे दे.

राजवाड्यात गव्हर्नरचा पलंग ठेवलाय.
पलंगच तो.
अकरा वर्षं धूळ झाडली मी त्याची,
एकदाही बसले नाही.
एकदा बसले.

आणि ओहोटीची वेळ विचारून घे मोमादला,
पुलाच्या तोंडाशी टायरवर बसलेला असतो.
पाणी हटलं की पोरं वाळू चाळायला उतरतात.
कुठल्या काळी बुडालेल्या गलबतांमधले मणी,
विटकरी, निळे, मोहरीएवढे,
अजून लागतायत किनाऱ्याला, एकेक करत.
पोरं म्हणतील, माळ घ्या, पन्नास फक्त.
घे. घासाघीस कर, त्यांना आवडते.
पण या मण्यांच्या बदल्यात गलबतं काय भरून नेत
ते त्यांना विचारू नकोस. मला विचार.

माणसं.

एका माणसाचे किती मणी, ते मलाही ठाऊक नाही.

संध्याकाळी जेवायला ये आमच्याकडे.
जपून उतर, झावळ्यांचं छप्पर रस्त्याला टेकलंय
नि दार त्याच्याही खाली.
पाहुणे विचारतात, तुमची वस्ती अशी खड्ड्यात का?
ते वरचं गाव, कमानींचं, सकाळी फोटो काढलेस ना,
त्याचा दगड इथून काढलाय.
पायाखालची जमीन सरकली, असं लोक उगाच म्हणतात.
आमची मोजून काढली, डोक्यावरून वाहून नेली,
तिच्या भिंती झाल्या,
आणि भिंतींना चुना लावायलाही आम्हीच.
आता पाऊस पडला की वरचं सगळं पाणी
आपला दगड शोधत आल्यासारखं
आमच्या दारात.

खा. सुट्टीवर आलीस, तोंड पाडून बसू नकोस.
किनाऱ्यावरची खारी पानं आहेत ती,
नारळाच्या दुधात शिजवलेली, काजू घालून.
मीठ टाकावं लागत नाही.

परवा निघशील तेव्हा एक कर.
पूल लांब आहे नि अरुंद, एका वेळी एकच गाडी.
समोरून कुणी आलं तर मध्ये जागा केलीय, तिथे थांबावं लागतं.
ड्रायव्हर घाई करेल. त्याला म्हण, थांब,
येणाऱ्याला आधी येऊ दे.
माझा सायदे सात वर्षांमागे नांपुलाला गेला
याच पुलावरून, मक्याच्या ट्रकमध्ये मागे बसून.
कोण कुठल्या गाडीत असेल, काय सांगावं.

राहिलं तुझ्या यादीत काय काय?
राहू दे.
उद्या ही छत्री घेऊन जा, उन्हासाठी.
एक काडी मोडलीय, उघडताना डावीकडे धर.
आणि परत आण.